ड्रायव्हर नाही म्हणून डेटा मरत नाही

“तुमच्या जुन्या प्रोग्रामला आता ड्रायव्हर मिळत नाही. त्यातला डेटा नव्या सिस्टिमशी जोडता येणार नाही. सगळं एकाच प्लॅटफॉर्मवर नव्यानं सुरू करा.” सुरतेच्या डिंडोली, उधना, लिंबायत या पट्ट्यातल्या लूम्सच्या खात्यांत, म्हणजे कारखान्यांत, एम्ब्रॉयडरीच्या युनिटांत आणि जॉबवर्क करणाऱ्यांच्या छोट्या ऑफिसांत ही तीन वाक्यं आता इतक्या वेळा ऐकू येतात की शेठलोकांना ती सरकारी नियमासारखी वाटायला लागली आहेत. सॉफ्टवेअर विकणारा तेच सांगतो, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तेच सांगतो, आणि कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारा शेठचा पुतण्याही तेच सांगतो. यातलं पहिलं वाक्य बऱ्याचदा खरं असतं. दुसरं जवळजवळ कधीच खरं नसतं. तिसरं वाक्य सल्ला म्हणून सांगितलं जातं, पण ती विक्री असते. या तिन्हींची एकच मोळी बांधून शेठच्या टेबलावर ठेवली जाते, आणि माझा विरोध आहे तो या मोळीला.

हा वाद फक्त तांत्रिक लोकांनी आपसात घालायचा नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली हजारो मराठी कुटुंबं या पट्ट्यात राहतात आणि त्यांच्या मजुरीचा, उचलीचा, टाक्यांचा हिशेब याच कॉम्प्युटरांत आहे. जुना प्रोग्राम बंद करून नवा सुरू झाला की पहिल्या महिन्यात हमखास भांडण होतं ते मागच्या शिल्लक उचलीवरून. कारिगर म्हणतो फेडली, हिशेब ठेवणारा मेहताजी म्हणतो बाकी आहे, आणि पुरावा ज्या डब्यात आहे तो डबा माळ्यावर गेलेला असतो. “डेटा येणार नाही” या तीन शब्दांची किंमत अशी कोणाच्या तरी पगारातून वळती होते.

मुळात ड्रायव्हर नसतो म्हणजे नेमकं काय होतं? नमुन्यादाखल या भागात सर्रास दिसणारी मांडणी घेऊ. चलान आणि मजुरीचा प्रोग्राम फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला, पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा. नवा कॉम्प्युटर ६४-बिट विंडोजचा, त्यावर नवं ६४-बिट एक्सेल. एक्सेलमधून जुन्या फाइली वाचायला गेलं की पडद्यावर येतं, ‘आर्किटेक्चर मिसमॅच’. माणूस हादरतो. कंट्रोल पॅनेलमध्ये ओडीबीसीची, म्हणजे डेटाबेस जोडायच्या ड्रायव्हरांची, खिडकी उघडतो, तर तिथे फॉक्सप्रोचा ड्रायव्हर यादीतच नसतो. निष्कर्ष निघतो: संपलं.

प्रत्यक्षात काहीच संपलेलं नसतं. ६४-बिट विंडोजमध्ये ओडीबीसीच्या अशा दोन खिडक्या आहेत. दोन्ही प्रोग्रामच्या फाइलचं नाव एकच, आणि त्या नावात ३२ हा आकडा आहे. ‘सिस्टिम३२’ नावाच्या फोल्डरमधली खिडकी ६४-बिटची आहे आणि ‘सिसवॉव६४’ नावाच्या फोल्डरमधली ३२-बिटची. नावं उलटी वाटतात, पण जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून ती तशी ठेवली गेली. फॉक्सप्रोचा ड्रायव्हर ३२-बिटचाच निघाला, ६४-बिटचा कधी आलाच नाही, त्यामुळे तो बसवलेला असला तरी दुसऱ्या खिडकीतच दिसणार. विंडोजचा नियम साधा आहे: ६४-बिट चालू प्रोग्राम आपल्या पोटात ३२-बिट ड्रायव्हर घेऊ शकत नाही. नियम इतकाच आहे. तो प्रोग्रामच्या पोटाबद्दल आहे, डेटाबद्दल नाही. त्याच कॉम्प्युटरवर एक छोटा ३२-बिट प्रोग्राम वेगळा चालवला, तर तो तोच ड्रायव्हर बिनतक्रार वापरतो, रोज रात्री फाइल वाचतो आणि साध्या मजकुरात बाहेर लिहून ठेवतो. नवी सिस्टिम तो मजकूर वाचते. ड्रायव्हर हा दुभाष्या आहे. डिंडोलीत घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि कारखान्यात हिंदी बोलणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये: दोघांना एकमेकांची भाषा येत नसेल तर व्यवहार बंद पडत नाही, मध्ये तिसरा उभा राहतो.

आणि फॉक्सप्रोच्या बाबतीत तर दुभाष्याचीही सक्ती नाही. त्याचा डेटा ज्या डीबीएफ फाइलीत असतो, ती आतून कशी असते ते एकदा डोळ्यांनी पाहण्यासारखं आहे. सुरुवातीला ३२ बाइटचं शीर्षक: फाइल कधी बदलली, किती नोंदी आहेत, एक नोंद किती लांबीची. मग प्रत्येक रकान्यासाठी ३२ बाइटचं वर्णन: दहा अक्षरांपर्यंतचं नाव, प्रकार, लांबी. त्यानंतर थेट नोंदी, एकापाठोपाठ एक, ठरलेल्या लांबीच्या, उरलेली जागा मोकळ्या अक्षरांनी भरलेली. १४ मार्च २०१७ ही तारीख तिथे २०१७०३१४ अशी सरळ आकड्यांत लिहिलेली असते. ही फाइल नोटपॅडमध्ये ओढून टाकली तरी पार्ट्यांची नावं आणि चलानचे नंबर वाचता येतात. लिब्रेऑफिस ती थेट उघडतं. जगभरच्या नकाशांच्या कामात जी शेपफाइल चालते, तिच्यातली माहितीची बाजू आजही डीबीएफमध्येच असते. व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ सालची, आणि मायक्रोसॉफ्टनं त्याचा आधार जानेवारी २०१५ मध्ये काढून घेतला, हे खरं. आधार निघाला तो प्रोग्रामचा. फाइलची रचना जगाला ठाऊक आहे आणि ती कोणाला परत घेता येत नाही.

एक खाच मात्र सांगायलाच हवी, कारण घाईनं काम करणारे इथेच पडतात. डीबीएफमध्ये खोडलेली नोंद लगेच जात नाही. प्रत्येक नोंदीच्या पहिल्या जागी मोकळं अक्षर असतं. नोंद खोडली की तिथे फक्त तारा (*) बसतो, आणि ‘पॅक’ची आज्ञा दिल्याशिवाय ती फाइलमध्ये तशीच पडून राहते. तो तारा न तपासता सगळं उचललं, तर वर्षांपूर्वी रद्द झालेली चलानं जिवंत होऊन नव्या हिशेबात येतात. मग लोक म्हणतात, “बघा, जुना डेटाच खराब होता.” डेटा खराब नव्हता. वाचणाऱ्यानं एक अक्षर वाचलं नाही.

समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा सुरक्षेचा आहे, आणि तो मला टाळायचा नाही. जुने ड्रायव्हर जुन्या पद्धतीची कूटलिपी वापरतात, नव्या सर्व्हरनी ती नाकारलेली असते, आणि ते नाकारणं योग्य आहे. मायएसक्यूएल या डेटाबेसचं उदाहरण घ्या. २०१८ च्या एप्रिलमध्ये आलेल्या ८.० आवृत्तीनं पासवर्ड तपासायची पद्धत बदलली, आणि जुने ड्रायव्हर एका रात्रीत परके झाले. पोस्टग्रेसनंही २०२१ मध्ये १४ व्या आवृत्तीपासून पासवर्डसाठी अधिक कडक पद्धत मूळ म्हणून धरली. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचा १८ वा ओडीबीसी ड्रायव्हर तर न सांगताच कूटबद्ध जोडणी मागतो.

यावर गल्लोगल्ली जो इलाज केला जातो, त्याच्या मी ‘नवं घ्या’वाल्यांइतकाच विरोधात आहे. सर्व्हरलाच सांगायचं की बाबा, तू जुनी पद्धत चालू ठेव. किंवा जोडणीच्या ओळीत लिहायचं की कूटबद्ध करू नको, प्रमाणपत्र तपासू नको. काम होतं, बिल निघतं, माणूस निघून जातो. पण एका जुन्या ड्रायव्हरसाठी घराचं पुढचं दार काढून ठेवलेलं असतं. शिवाय ही पळवाट टिकत नाही. मायएसक्यूएलच्या ८.४ आवृत्तीत ती जुनी पद्धत मुळातच बंद करून दिली आणि २०२४ मध्येच आलेल्या ९.० मधून ती काढून टाकली. ज्यांनी पळवाटेवर धंदा उभा केला, त्यांच्यावर पुन्हा तोच दिवस आला.

सुरक्षेचा मुद्दा मान्य केला की त्यातून ‘सगळं टाका’ हा निष्कर्ष मात्र निघत नाही. निघतो तो वेगळाच: जुन्या यंत्राला इंटरनेटपासून तोडा, नव्या सर्व्हरचे नियम कडक ठेवा, आणि दोघांच्या मध्ये एकाच दिशेनं जाणारी, फक्त वाचणारी वाट ठेवा. जुनं यंत्र बाहेर लिहितं, नवं यंत्र उचलतं. जुन्याला नव्याचा पासवर्ड माहीत नसतो, त्याची गरजही नसते. थेट जोडणीपेक्षा ही मांडणी जास्त सुरक्षित आहे, आणि तिला नवा ड्रायव्हर लागतच नाही.

मग म्हणतात, मजकुराच्या फाइली ही मागासलेली पद्धत झाली, सगळं ‘लाइव्ह’ पाहिजे. कोणाला पाहिजे? ग्रे कापडाचे टाके, म्हणजे तागे, प्रोसेस हाऊसला जातात, तिथून परत येतात, चलान जुळवलं जातं, महिन्याकाठी बिल होतं. या साखळीत सेकंदाला ताजी होणारी माहिती वापरणारा माणूसच नाही. रोज रात्री एकदा जुळलेला, तपासलेला हिशेब हा दिवसभर अर्धवट जुळत राहणाऱ्या हिशेबापेक्षा मेहताजीच्या जास्त कामाचा आहे. जिथे खरोखर त्या क्षणी उत्तर हवं असतं, तिथे लाइव्ह जोडणी जरूर करावी. पण गरज आधी सिद्ध करावी, मग खर्च सांगावा. आज उलटं चाललं आहे.

आता या धंद्यातलाच एक दाखला देतो, कारण तो रोज डोळ्यांसमोर असूनही कोणी मोजत नाही. एम्ब्रॉयडरीच्या खात्यात जपानी मशीन असेल, चिनी असेल, डिझाइन बनवणाऱ्याचं सॉफ्टवेअर तिसऱ्याच कंपनीचं असेल. तरी पेन ड्राइव्हवर डिझाइन येतं आणि मशीन ते शिवतं. कशामुळे? डीएसटी फाइलमुळे. ताजिमा कंपनीची ही जुनी रचना अतिशय गरीब आहे. ५१२ बाइटचं शीर्षक, मग प्रत्येक टाक्यासाठी तीन बाइट: सुई किती सरकली, उडी की टाका, रंग बदलायचा की नाही. एका टाक्यात १२.१ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकता येत नाही. दोरा कोणत्या रंगाचा हेसुद्धा त्यात नसतं. ते कारिगर कागदावर पाहून लावतो. इतकी तोकडी रचना, पण तिच्या जोरावर वेगवेगळ्या देशांत बनलेली मशीनं सुरतेत एका छताखाली एकच साडी भरतात. कोणत्याही शेठला आजवर कोणी म्हटलं नाही की सगळी मशीनं एकाच कंपनीची घ्या, नाहीतर डिझाइन चालणार नाही. मशीनबद्दल जो शेठ असा सल्ला हसण्यावारी नेईल, तोच हिशेबाबद्दल तो निमूट ऐकून घेतो, याचं मला वाईट वाटतं.

सरकारही याच वाटेनं जातं. ई-इन्व्हॉइस १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना लागू झालं. सरकारी पोर्टल तुमचा डेटाबेस कोणता, ड्रायव्हर कोणता हे विचारत नाही. ते जेसनच्या एका ठरलेल्या रचनेतला मजकूर मागतं: विकणाऱ्याचा जीएसटी नंबर, घेणाऱ्याचा, वस्तूचा एचएसएन कोड, रक्कम, कर. रचना बरोबर असली की क्रमांक मिळतो. देशभरचे वेगवेगळे प्रोग्राम एका पोर्टलशी बोलतात ते मजकुराच्या कराराच्या जोरावर.

आणि डिंडोलीतल्या मराठी माणसाच्या सगळ्यात जवळचा पुरावा रेशनचा आहे. शिधापत्रिका नंदुरबार जिल्ह्यातली, धान्य सुरतेत. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेत आंतरराज्य सोय ज्या दोन जोड्यांपासून ९ ऑगस्ट २०१९ रोजी सुरू झाली, त्यातली एक आंध्र-तेलंगण होती आणि दुसरी गुजरात-महाराष्ट्र. म्हणजे आपलीच. दोन्ही राज्यांच्या शिधापत्रिकांच्या यंत्रणा वेगळ्या, नोंदींची भाषा वेगळी. महाराष्ट्राला गुजरातचं सॉफ्टवेअर घ्यायला लावलं नाही, गुजरातलाही महाराष्ट्राचं नाही. मध्ये केंद्राची एक व्यवस्था उभी केली. दुकानातल्या ई-पॉस मशीनवर कार्डाचा किंवा आधारचा नंबर जातो, बोटाचा ठसा पडताळला जातो, या कुटुंबाचं किती धान्य बाकी आहे याचं उत्तर येतं, आणि उचललेलं धान्य मूळ राज्याच्या हिशेबातून वजा होतं. २९ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्थलांतरित मजुरांच्या प्रकरणात उरलेल्या राज्यांनाही ३१ जुलैपर्यंत ही योजना लागू करायला सांगितलं. त्या राज्यांना आधी आपले डेटाबेस एकसारखे करा, असं सांगितलं गेलं नाही.

या योजनेत माणसं अडतात ती कुठे, तेही पाहिलं पाहिजे. शिधापत्रिका आधारशी जोडलेली नसते, कुटुंबातल्या एकाचं नाव राहिलेलं असतं, राबून राबून बोटाचे ठसे उमटत नाहीत. हे दोष खरे आहेत, त्यानं माणूस रिकाम्या पिशवीनं परत जातो, आणि त्यावर स्वतंत्रपणे भांडलं पाहिजे. पण यातला एकही दोष ‘दोन राज्यांचे प्लॅटफॉर्म वेगळे आहेत’ हा नाही. अडचण आहे ओळखीच्या नोंदीत आणि तिच्या दर्जात. खात्यातल्या हिशेबालाही हेच लागू होतं. एकच कारिगर हजेरीत गुजरातीत, मजुरीच्या प्रोग्राममध्ये इंग्रजीत आणि बँकेच्या यादीत तिसऱ्याच स्पेलिंगनं असतो. महाजन, महाले, पाटील ही आडनावं अर्ध्या खात्याची असतात. नावावरून जुळवणी करायला गेलात तर जगातला सर्वोत्तम ड्रायव्हरही एकाची उचल दुसऱ्याच्या नावावर टाकेल. प्रत्येक माणसाला, प्रत्येक पार्टीला न बदलणारा एक क्रमांक द्या. जोडणीचं अर्धं काम तिथेच होतं.

मजकुराच्या फाइलीतही खड्डे आहेत, ते मी लपवत नाही. ‘५-१२’ हा डिझाइन नंबर एक्सेलमध्ये उघडला की तारीख होऊन बसतो. ‘००४७’ चा ४७ होतो. या खोडीमुळे जगभरच्या शास्त्रज्ञांच्या यादीतली जनुकांची नावं तारखा बनत होती, इतकी की २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं तशी नावंच बदलली. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाईप केलेली गुजराती-मराठी नावं युनिकोडमध्ये नेताना तक्ता लावून बदलावी लागतात, नाहीतर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे आधी लिहून ठेवावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण जाणकार माणसासाठी ते काही दिवसांचं आहे. पूर्ण नव्यानं सुरुवात करण्याच्या खर्चापुढे ते काहीच नाही. आणि गंमत अशी की नव्या प्लॅटफॉर्मवर जातानाही हेच काम करावं लागतं. फक्त ते न करता “जुना डेटा येणार नाही” म्हटलं की विकणाऱ्याचं ते काम वाचतं.

जुना डेटा सोडून देण्यात कायद्याचाही धोका आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. चार वर्षांपूर्वीच्या चलानबद्दल नोटीस आली आणि प्रोग्राम उघडतच नाही, तर अधिकाऱ्यासमोर उभा राहतो तो व्यापारी. ‘ड्रायव्हर नव्हता’ हे उत्तर तिथे चालत नाही, आणि सल्ला देणारा त्या दिवशी सोबत नसतो.

खरं कुलूप ड्रायव्हरचं नसतंच. ते करारात असतं. या भागात अशी कितीतरी ऑफिसं आहेत जिथे डेटाबेसचा मुख्य पासवर्ड शेठकडे नाही. तो बसवून गेलेल्या माणसाकडे आहे. शेठनं कॉम्प्युटरचे पैसे दिले, सॉफ्टवेअरचे दिले, दरवर्षी देखभालीचे देतो, आणि स्वतःच्याच पार्ट्यांची यादी पाहायला परवानगी मागतो. टॅलीसारख्या सर्वत्र चालणाऱ्या प्रोग्राममध्ये ओडीबीसी आणि एक्सएमएल दोन्ही वाटा दिलेल्या आहेत, प्रोग्राम चालू ठेवून ९००० क्रमांकाच्या पोर्टवरून माहिती बाहेर काढता येते. जिथे अशी वाट दिलेली नाही, तिथे ती का नाही याचं तांत्रिक कारण मला आजवर पटलेलं नाही. गिऱ्हाईक निघून जाऊ नये, एवढंच कारण दिसतं.

म्हणून नव्या प्रोग्रामच्या ऑर्डरवर सही करण्याआधी शेठनं, आणि शेठच्या वतीनं बोलणाऱ्या पुतण्यानं, या गोष्टी लेखी मागाव्यात. डेटाबेसचा मुख्य पासवर्ड पहिल्या दिवशी मालकाच्या हाती. सगळी टेबलं साध्या मजकुरात, कधीही, जादा पैसे न घेता बाहेर काढायची सोय, आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारा कागद. जुन्या फाइली आहेत तशा एका वेगळ्या डिस्कवर, उघडून तपासून. जुन्या प्रोग्राममधली कारिगरांची शिल्लक उचल आणि पार्ट्यांची बाकी नव्या प्रोग्राममध्ये रुपयाला रुपया जुळल्याचं पत्रक, आणि ते जुळेपर्यंत अखेरचा हप्ता नाही. यातली एकही अट कोणत्याही ड्रायव्हरवर अवलंबून नाही. जो विकणारा यावर सही करायला तयार होतो, त्याच्याशी पुढचं बोलणं करावं. जो होत नाही, त्याला जुना कॉम्प्युटर हलवू देऊ नये.